मनोऱ्याची तालीम

परदेशी निघालेली माणसं लोकरीचे मोजे आणतात, औषधं आणतात. मोजणीदारांनी खडू आणला.

उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात गेलेला. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी युरोपातलं ते जुनं शहर मोजायला घेतलं. लेकाने आईवडिलांना तिथली तीन दिवसांची सहल दिली होती. यांनी वहीत त्या तीन दिवसांची खांडोळी केली. पूल, अकरा मिनिटं. चर्च, वीस मिनिटं, त्यात फोटो तीन.

"आणि लघवीला?" बायकोने शिलाई मशीनवरून मान वर न करता विचारलं.

"ते पुलात धरलंय."

असा हा माणूस. कपडे शिवून शिवून तिचे गुडघे गेले होते आणि याचं शहाणपण ऐकून ऐकून कान. पण खरी पीडा होती तो तिथला मनोरा. तीनशे साठ पायऱ्या, लिफ्ट नाही. डॉक्टरने छातीवर बोट ठेवून सांगितलं होतं, जिने चढायचे नाहीत. मोजणीदारांना डॉक्टरपेक्षा जास्त कळायचं.

"आपल्या इमारतीत बहात्तर पायऱ्या. पाच फेऱ्या म्हणजे मनोरा. तालीम करू. तूही चल मागून, मी पडलो तर धरायला."

नवऱ्याचा तिला वीट आला होता, पण विधवा व्हायची हौस नव्हती. निघाली.

दुपारचे तीन. जिना ओस. मोजणीदार खांद्याला पिशवी अडकवून पुढे, ती कठडा धरून मागे. चौथ्या मजल्यावर जिना संपतो, तिथल्या भिंतीवर त्यांनी खडूची रेघ मारली. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला दुसऱ्या मजल्यावर स्वतःचं दार आलं तशी ती गुपचूप आत सरकली आणि खुर्चीवर बसली. दार उघडंच ठेवलं.

"येतेस ना गं?" वरून हाक आली.

"येतेय हो," ती बसल्या जागेवरून ओरडली. एवढी जमीन मोजणाऱ्याला मागे बायको आहे का नाही, हेही कळलं नाही. ते खाली उतरताना तिने दार लोटून घेतलं. तिला हसू आलं.

तिसऱ्या फेरीलाही पावलं दारावरून वर गेली. हाक आली, "येतेस ना गं?"

तिने तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत जिन्यातून उत्तर गेलं.

"येतेय हो..."

आवाज तिचाच होता. फक्त गोड होता. इतकं गोड ती लग्नातसुद्धा बोलली नव्हती.

ती दारात आली. वर दोन माणसांची पावलं वाजत होती. इथून वर छत्तीस पायऱ्या. ती नकळत मोजू लागली. चौतीस... पस्तीस... छत्तीस. पावलं थांबली नाहीत. चाळीस. पन्नास. जिन्यातून गार वारा उतरला, त्याला ओल्या दगडाचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास होता. सत्तर...

गुडघे विसरून ती वर धावली. चौथा मजला. पुढे भिंत, तिच्यावर खडूच्या दोन रेघा. पावलं भिंतीच्या आत, फार उंच गेली होती.

रडणं तिच्या अंगात नव्हतं. तिने भिंतीवर चापट मारली.

"अहो शहाणे, ती मी नाही. मी घरात बसले होते, खोटं बोलले. कोणाच्या मागे... कोणाला घेऊन चाललात? या खाली. आत्ताच्या आत्ता."

पावलं थांबली. मग मागून कोणीतरी खाकरलं. मोजणीदार तिच्या मागच्या पायरीवर बसले होते. कपाळ गार, धापही नव्हती.

"वरून काय दिसतं गं सगळं... लाल छपरं, नदी. आज तू बरी बोललीस माझ्याशी."

घरी आल्यावर त्यांनी वहीतल्या मनोऱ्यावर काट मारली. मग पुलावर. मग चर्चवर.

"सहल नको?"

"बघून झालं ना. तूच दाखवलंस की वरून."

तिने दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. नवऱ्याला खिडकीजवळ खुर्चीत बसवलं आणि मशीन त्याच्यासमोर ओढून घेतली. दोन दिवस तिने त्याच्यावरची नजर हलवली नाही. बोलावणारी बाई असो, भूत असो, हा माणूस इथून हलणार नव्हता.

तिसऱ्या दुपारी चौथ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई आल्या. हिने साखळी न काढता दार किलकिलं केलं.

"तुमच्या बहीण आल्यात का हो? अगदी तुमच्यासारख्या. आता जिन्यात भेटल्या. मोजणीदारांनी हात धरून चढवत नेलं त्यांना. फार जपतात हो..."

"डोळे तपासा तुमचे. हे तासभर माझ्यासमोर बसलेत," ती म्हणाली आणि दार लावून वळली.

मोजणीदार खुर्चीतच होते. डोळे मिटलेले, श्वास शांत. उजवा हात मात्र बाजूला अधांतरी उचललेला, बोटं कशाभोवती तरी वळलेली. ती बघत असताना तो हात हळूहळू, एकेक पायरीइतका, वर चालला होता.