नवव्या कडव्यापाशी

गायला लाज वाटते म्हणे! अरे, शेगडीजवळ सरका आणि कान इकडे द्या. पिंप ढवळायला अजून अर्धा तास आहे, तेवढ्यात सांगून होईल. थाप वाटली तर उद्या मोरिवाकीलाच विचारा. स्टेशनच्या रस्त्यावर राहतो, चांगला धडधाकट आहे.

मागच्या वर्षीची अकरा फेब्रुवारी. सुट्टीचा दिवस. मोरिवाकी संध्याकाळी सहाच्या फेरीला निघाला होता, पाहुण्यांना आपल्या साइजोतले साकेचे कारखाने पायी हिंडून दाखवायला. उमेदीची सगळी वर्षं त्यानं याच कोठारात साकेची पिंपं ढवळत काढलेली; निवृत्त झाल्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवून वाटाड्या झाला. सात पाहुणे होते. त्यात एक तरुण जोडपं, सोता आणि मिओ. मिओला पाचवा महिना.

"हिच्या वाटची साके आज मीच पिणार," विहिरीवरच सोतानं जाहीर केलं.

"प्या की," मोरिवाकी म्हणाला. "पण परत जाताना तुम्हाला उचलायला ही बिचारी कुठून येणार?"

"बिचारी कसली! मी सोडून जाईन इथंच," मिओ म्हणाली, आणि सगळे हसले.

विहिरीशेजारच्या खोलीत काचेचं कपाट आहे, पाहिलंय ना तुम्ही? त्यात ढवळायचा एक जुना दांडा उभा असतो, मुठीला लाल दोरी गुंडाळलेला. कपाटाची किल्ली एकच, ती मोरिवाकीच्या कमरेला. त्यानं पाहुण्यांना नेहमीसारखं समजावलं. पूर्वी घड्याळ नव्हतं, गाणं होतं. बारा कडवी म्हणजे एक ढवळणं. पिंपाकाठच्या फळीवर चढून ढवळणारा गायचा आणि खालचा ऐकायचा. कारण आंबणाऱ्या भातातून वायू येतो. दिसत नाही, कळत नाही. पिंपावर वाकून एक श्वास घेतला की गुडघेच जातात. गाणं थांबलं, तर खालच्यानं श्वास रोखून वर धावायचं.

"हा दांडा कुणाचा?" मिओनं विचारलं.

"होता एक," मोरिवाकी म्हणाला. याच्यापुढे तो कधीच काही बोलत नसे.

तो दांडा तात्सुजीचा. एकतीस वर्षांपूर्वी तात्सुजी याच कोठारात पिंपावर वायूनं गेला. खाली मोरिवाकी होता. 'गाणं थांबलं तसा मी धावलो, पण उशीर झाला होता,' असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. लोकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बिचाऱ्यानं होईल तेवढं केलं, म्हणाले.

तर फेरी फिरत फिरत शेवटी आपल्या कोठारात आली. जिन्याला दोर बांधलेला. "वर जायचं नाही," मोरिवाकीनं दोनदा बजावलं. मग सगळ्यांना मागच्या अंगणात नेऊन तो गरम साके ओतू लागला. सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती. कोठारात कामाचं माणूस एकही नाही. सुट्टी ना!

आणि आतून गाणं ऐकू आलं.

"अय्या, रेकॉर्ड लावलीय का?" मिओ म्हणाली. "किती छान!"

मोरिवाकीच्या हातातली बाटली तशीच राहिली. रेकॉर्ड कुठली आलीय? वीस वर्षांत इथं कुणी गायलं नव्हतं. सातवं कडवं. आठवं... नवव्याला वरचा सूर लावताना आवाज चिरकला. तात्सुजीचा नेहमी तिथंच चिरकायचा. आम्ही सगळे त्याला चिडवायचो.

मग गाणं थांबलं. कडव्याच्या मध्येच.

"सोता कुठाय?" मिओ म्हणाली.

मोरिवाकी धावला. अडुसष्ट वर्षांचा म्हातारा. दोर ओलांडला. जिना चढला. श्वास रोखला...

सोता पिंपाच्या तोंडावर ओणवा पडला होता. हात आत लोंबत होते. मोबाइल बुडून खालून उजळत होता. बुडबुड्यांचा फोटो हवा होता ना त्याला! पाय फळीवरून सुटलेले. आत जायचाच... पण गेला नव्हता. पिंपावर आडवा दांडा होता. त्याच्या छातीखाली.

मोरिवाकीनं त्याला काखेत धरून ओढला. जिन्यावरून खेचत अंगणात आणला. तोंडावर पाणी मारलं, छाती दाबली. एक मिनिट गेलं. काही नाही.

मग सोता खोकला.

मिओ त्याला मिठी मारून रडत होती आणि रडता रडता पाठीत गुद्दे घालत होती. "मूर्ख! मूर्ख माणूस!" अँब्युलन्स आली, गेली. मोरिवाकी एकटा उरला. खिडक्या सताड उघडून, बराच वेळ थांबून, तो पुन्हा वर गेला. दांडा उचलला.

मुठीला लाल दोरी.

तो तसाच विहिरीशेजारच्या खोलीकडे गेला. कपाटाला कुलूप होतं. किल्ली कमरेला होती. त्यानं उघडलं. दांडा नव्हता. दांड्याच्या जागी काहीतरी पडलं होतं...

त्या रात्री साडेअकराला त्यानं माझं दार वाजवलं. आत येईना. दारातच गुडघ्यावर बसला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोलला. तात्सुजी गेला त्या रात्री तो खाली नव्हताच. आठव्या कडव्याला सिगारेट ओढायला मागच्या अंगणात गेला होता. बर्फ पडत होता. अर्धी ओढून झाल्यावर त्याला कळलं, की कधीपासून काहीच ऐकू येत नाहीये. सिगारेट बर्फात टाकून तो धावला होता.

माझ्याकडेच का आला? अरे पोरांनो, तात्सुजी माझा धाकटा भाऊ. ती लाल दोरी आमच्या आईनं बांधलेली.

खरं सांगतो, त्याचा गळाच धरावा असं वाटलं मला. हात पुढे गेलेही होते. तेवढ्यात त्यानं मूठ उघडली.

अर्धी सिगारेट. वर चिमूटभर बर्फ. मागच्या हिवाळ्यात साइजोत बर्फाचा कणही पडला नव्हता. कपाटापासून माझ्या दारापर्यंत तो ती गरम मुठीत धरून आला होता.

मी त्याला उठवून घरात घेतलं. सिगारेट बशीत घालून भावाच्या फोटोपुढे ठेवली. अजून तिथंच आहे. मधे अख्खा उन्हाळा गेला, ऑगस्ट गेला.

बर्फ वितळलेला नाही.