केहिंदेचा एकटीचा फोटो

नवा कॅमेरा घेतला की आधी बॅटरी पूर्ण भरायची, मग तारीख-वेळ लावायची, मग कार्ड घालून ते कोरं करून घ्यायचं. पुस्तिकेत एवढ्यासाठी तीन पानं खर्ची घातली आहेत. मी पॉलिटेक्निक अर्धवट सोडलेला, पण ती पुस्तिका मात्र परीक्षेला बसल्यासारखी वाचली. त्या शनिवारी आमच्या इसेयिन गावात लाईट नव्हती. शेजारच्या न्हाव्याच्या जनरेटरवर बॅटरी लावली आणि त्याच्याच बाकावर बसून राहिलो. बाहेर कोरडा वारा सुटला होता. धुळीनं ऊन पिवळं पडलं होतं आणि सगळीकडे जळक्या गवताचा वास होता.

कॅमेरा स्वस्तातलाच. खिशात मावणारा, चंदेरी, कंपनीचं नाव कुणी ऐकलेलं नाही असा. पण त्यात दोन करामती होत्या. चेहरा समोर आला की पडद्यावर त्याच्याभोवती हिरवी चौकट येऊन बसायची. आणि फोटोत डोळे मिटलेले आले तर कॅमेरा विचारायचा : डोळे मिटले होते. पुन्हा घ्यायचा?

पहिला फोटो मोठ्या काकांचा काढला. व्हरांड्यात आरामखुर्चीत घोरत होते. चौकट बसली, फोटो निघाला, कॅमेऱ्यानं विचारलं. मी केहिंदेला दाखवलं.

"अर्ध्या तासात ओळखलं बघ ह्यानं काकांना," ती म्हणाली. "आपल्याला वीस वर्षं लागली."

केहिंदे माझी बहीण, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. ती आणि तायवो जुळ्या. जुळ्यांच्या पाठीवर होणाऱ्याचं नाव आमच्यात इदोवू, आणि तो हट्टी, तोंडाळ निघणार हे गावानं आधीच ठरवलेलं असतं. मी कुणाला निराश केलं नाही.

तायवो सहाव्या वर्षी गोवरानं गेली. मोठे काका म्हणाले, आधी प्रार्थना होऊ दे, मग बघू दवाखान्याचं. गाडी दारात उभी होती. तीन दिवस प्रार्थना झाली. चौथ्या दिवशी काकांनी घरात सांगितलं, तायवो बाजाराला गेली असं म्हणायचं. जुळ्यांतलं एक मेलं असं आमच्या घरात बोलत नाहीत, नाहीतर उरलेलंही मागोमाग जातं.

तायवोचा एकही फोटो नव्हता. मग आमच्याकडे करतात ते केलं. फोटोवाल्यानं केहिंदेला निळा रुमाल डोक्याला बांधून खुर्चीत बसवलं, ती तायवो. मग तांबडा रुमाल बांधून बसवलं, ती केहिंदे. दोन्ही फोटो जोडून चौकटीत घातले. आई त्याच्यापुढे उकडलेल्या चवळीची वाटी ठेवायला लागली. गाव तिला जुळ्यांची आई म्हणायचं, म्हणतच राहिलं.

एकदा केलं असतं तर मी काही बोललो नसतो. तेवढ्यानं आईला श्वास घेता आला. पण काकांनी दर वाढदिवसाला तेच करायला लावलं. मेलेली मुलगी आमच्या भिंतीवर दरवर्षी वाढत होती. तिचे दुधाचे दात पडले, नवे आले, ती वयात आली. भिंतीवर सतरा फोटो झाले.

केहिंदेचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं. जुना फोटोवाला दुकान बंद करून गेला होता, म्हणून ह्या वाढदिवसाच्या फोटोंचं काम माझ्याकडे आलं. सकाळीच ती मला मागच्या अंगणात घेऊन गेली.

"सासरी न्यायला मला एक फोटो पाहिजे, इदोवू. माझा एकटीचा. जोडायचा नाही."

"काका बोंबलतील."

"बोंबलू दे. सतरा फोटोंत मी चौतीस वेळा बसलेय. त्यातली मी कुठली, मला खरंच कळत नाही आता."

मी तिला शब्द दिला.

दुपारी आईनं खुर्ची मांडली. काका उठून आले आणि हुकूम सोडायला लागले. "जी आधी जन्मली ती आधी. तायवोला बसव."

केहिंदेनं निळा रुमाल बांधला. चौकट झटकन तिच्या चेहऱ्यावर बसली. फोटो असा सुंदर आला की आईनं पडद्यावरूनच बोट फिरवलं.

मग तांबडा रुमाल. मी कॅमेरा धरला आणि चौकट आलीच नाही. पडद्यावर भिंत दिसत होती, खुर्ची दिसत होती, केहिंदे दिसत होती. पण हिरवी रेघ तिच्यावरून सरकून भिंतीवर जायची, कोपऱ्यात जायची, विझायची. मी पुस्तिका काढली. मागून उजेड आहे का बघा, काच पुसा, थोडं मागे या. सगळं केलं. सहा वेळा केलं.

"तुझा कॅमेरापण काकांचंच ऐकतो की," ती हसत म्हणाली.

"गप. परत निळा बांध जरा."

तिनं निळा बांधला. चौकट झटकन बसली. तांबडा बांधला. गेली... निळा. बसली. तांबडा...

केहिंदेचं हसू थांबलं. "काय होतंय?" तिनं हळूच विचारलं. "मी... मी दिसत नाहीये का त्याला?"

"स्वस्तातला माल आहे, ताई. रंग ओळखत नसेल."

चौकटीशिवायच बटण दाबलं. ती पुतळ्यासारखी बसली होती, पापणीही हलली नव्हती. पण फोटोत खुर्ची लखलखीत आणि रुमालाखाली चेहऱ्याच्या जागी नुसता पुसल्यासारखा डाग.

"आला का चांगला?"

मी कॅमेरा बंद करून खिशात टाकला. "मस्त आलाय. मोठा करून देतो."

मी खोटं बोललो. उद्या उजेडात पुन्हा काढू, असं मनात ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. मलेरिया, इथे कुणाला होत नाही? पण संध्याकाळपर्यंत ती बडबडायला लागली. मी काकांकडे गाडीची किल्ली मागितली. काका म्हणाले, मंडळी येतायत, आधी प्रार्थना होऊ दे. गाडी दारात उभी होती. मी त्यांच्या अंगावर धावून गेलो, प्रार्थनेला आलेल्या दोघांनी मला धरलं. आई भिंतीशी बसून होती, उठली नाही. तिलाही मी सोडणार नाही ह्यातून. पहाटे किल्ली मिळाली. दवाखान्याच्या फाटकाशी केहिंदेनं माझा हात दाबला.

"फोटो... मोठा कर हं."

फाटक उघडेपर्यंत संपलं होतं.

आमच्यात माणूस गेला की मातीच्या पत्रकावर त्याचा फोटो लागतो, ते गावभर चिकटवतात. मी आईपुढे कॅमेरा धरला. तिनं निळ्या रुमालातला फोटो पाहिला आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

"ही माझी तायवो. माझ्या केहिंदेचा दाखव."

"आई, हीच केहिंदे आहे. अगं, तुझ्यासमोरच रुमाल बांधला तिनं..."

"मला माझी पोर कळत नाही का रे? ही तायवो. केहिंदेचा कुठाय?"

मी दुसरा दाखवला नाही. काका मागून म्हणाले, "दुकानात रुमालाचा रंग तांबडा करून घे. कोण बघतंय?"

आणि मी, सगळ्यांना शिव्या घालणारा मी, गेलो आणि रंग बदलून आणला. गावभर तायवोची पत्रकं लागली, खाली केहिंदेचं नाव. दोघीही बाजाराला गेल्या, असं बायका एकमेकींना सांगत होत्या.

तिला पुरल्यावर नवव्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. खुर्ची तिथेच होती, पाठीवर तांबडा रुमाल. तो डाग पुसून टाकावा म्हणून मी कॅमेरा सुरू केला, आणि तो हातात असताना खुर्चीसमोर आला.

हिरवी चौकट झटकन बसली. रिकाम्या खुर्चीवर. बसलेल्या माणसाचा चेहरा येईल, बरोबर तेवढ्या उंचीवर.

"हलू नकोस, ताई..." मी म्हणालो आणि बटण दाबलं. फोटोत नुसती खुर्ची आणि रुमाल. वर अक्षरं उमटली : डोळे मिटले होते. पुन्हा घ्यायचा?

शब्द दिला होता मी. म्हणून रोज दुपारी घेतो. रोज चौकट बसते, रोज कॅमेरा तेच विचारतो, रोज मी उद्या पुन्हा म्हणून बंद करतो. एकोणीस दिवस झाले.

आज त्यानं विचारलं नाही.

एवढं सगळं ऐकून घेतलंस, तर बघ, कॅमेरा तुझ्यासमोर, त्या स्टुलावर आहे. फोटो काढून झालाय. मी अजून बघितलेला नाही.