मागच्या सीटची गरम मूठ

मैत्रेयीला आधी वाटलं, या माणसाला त्वचेचा काहीतरी आजार असावा.

दाराशी उभा होता तो. गाल आणि हनुवटी भाजल्यासारखी तांबूसकाळी, आणि डोळ्यांभोवती मात्र दोन मोठाली गोरी वर्तुळं. बाहेर सिंगापुरात, नोव्हेनाच्या रस्त्यावर दुपार नुसती उकळत होती, आणि याच्या हातावर रजईएवढं जाड जाकीट!

"स्किनचे डॉक्टर तिसऱ्या मजल्यावर," ती इंग्रजीत म्हणाली.

"काय?" तो केवढ्यांदा तरी ओरडला.

तिने त्याच्या हातातलं कार्ड घेतलं. धनेश सामंत, मरीन इंजिनिअर. कानांची तपासणी. म्हणजे आपलाच पेशंट... आणि आपलाच माणूस.

"ओरडू नका हो. मी इथेच आहे."

"अरे वा, मराठी!" आणि मग एकदम गोंधळून, "म्हणजे... मी ओरडतोय?"

जहाजावर रुजू व्हायच्या आधी खलाशी आणि इंजिनिअर या क्लिनिकमध्ये तपासून घेतले जात. डोळे एकाकडे, छाती दुसऱ्याकडे, कान मैत्रेयीकडे. माणसाला काचेच्या बंद खोलीत बसवायचं, हेडफोन चढवायचा, हातात बटण द्यायचं. आवाज ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, की तिच्या टेबलावर छोटा हिरवा दिवा लागे. पुण्याहून शिकून आलेली मुलगी, दादा-वहिनीकडे बेडोकला राहायची, आणि दिवसभर हा दिवा लागतो की नाही ते बघायची. नोकरी म्हणून काही वाईट नव्हतं.

जाडे आवाज त्याने बरोबर टिपले. बारीक, उंच आवाज सोडले तेव्हा दिवा विझलेलाच. तो मात्र काचेआड निवांत... प्रश्नपत्रिकेच्या मागच्या बाजूलाही प्रश्न आहेत हे न कळलेल्या पोरासारखा.

"कालपरवा कुठे होतात तुम्ही?" त्याला बाहेर काढून तिने विचारलं.

"जपानला. होक्काइडोत. बर्फात."

"बर्फाने कान जात नाहीत."

"स्नोमोबाइलने जातात?"

मग सगळं बाहेर आलं. चेहरा बर्फावरच्या उन्हाने भाजलेला, वर्तुळं गॉगलची. ओतानी नावाचा त्याचा मित्र पूर्वी त्याच्याच जहाजावर होता. आता बोट सोडून गावी पर्यटकांना जंगलातल्या वाटांवर स्नोमोबाइलने, बर्फावरच्या फटफटीने, फिरवायचा. या हिवाळ्यात त्याने नवी कोरी गाडी घेतली होती, आणि तिची पहिली लांबची फेरी धनेशच्या हातून झाली.

"कानात घालायला बोळे दिले नव्हते मित्राने?"

"दिले होते की. मी काढून खिशात टाकले."

"का?"

"अहो, नवं इंजिन होतं!" तो पुन्हा ओरडला. "ऐकल्याशिवाय कळणार कसं, कसं आहे ते? आम्ही बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवतो आणि त्याची मूठ कानाला. आमचं सगळं कानावरच असतं."

"तेच तर म्हणतेय मी. तुमचं सगळं कानावर आहे, आणि कान तुम्ही जंगलात टाकून आलात."

तो हसला, आणि हसता हसता थांबला. "जहाज जाणार का हातचं? सेकंड इंजिनिअर म्हणून पहिलंच आहे माझं..."

एवढा मोठा माणूस, पण चेहरा असा झाला की मैत्रेयीला उगाचच अपराधी वाटलं. बहुतेक सुन्न झालेत, भरून येतील, ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासू. तोवर कानांना विश्रांती. गोंगाट अजिबात नको.

हे सांगणं सोपं होतं. चिनी नववर्ष तोंडावर आलेलं. जिकडे तिकडे लाल कंदील, आणि दर मॉलच्या दारात सिंहनाचाचे ढोल.

दुसऱ्या संध्याकाळी ती खाली उतरली तर हा जिन्यापाशी हजर. "डॉक्टर..."

"मी डॉक्टर नाही."

"बरं, डॉक्टर नाही. पण शांत जागा तर सांगा. माझ्या हॉटेलच्या खिडकीखाली रस्ता खोदताहेत."

सांगून त्याला कळेना, म्हणून ती दाखवायला निघाली. असं ती स्वतःला म्हणाली. मॉलच्या दारापाशी पोचले आणि लाल-सोनेरी सिंह आयाळ झटकत समोर आला, ढोलावर पहिली थाप पडली... आणि मैत्रेयीने काही विचार न करता टाचा उंचावून दोन्ही तळव्यांनी त्याचे कान झाकले.

ढोल वाजत राहिले. सिंहाने पापण्या फडफडवल्या. झेंडू फुललेल्या कुंड्यांमध्ये हे दोघे असेच उभे. त्याचे कान गरम होते. तिचे हात... ते तिला नंतर आठवेनात.

"काय म्हणालात?" तो म्हणाला.

"मी कुठे काय म्हटलं?"

"नाही? मला वाटलं म्हणालात."

त्या आठवड्यात तिने त्याला सिंगापूरची सगळी शांतता फिरवून दाखवली. तलावाकाठची झाडं, बोटॅनिक गार्डनमधली मागची वाट. हळू बोलायचं ठरलेलं, म्हणून तो ऐकायला वाकायचा, ती सांगायला वाकायची. मध्ये फारसं अंतर उरायचं नाही. आणि तो बोलायचा त्या गाडीबद्दल. बाईमाणसाला भुरळ घालायला कोणी इंजिनाच्या गप्पा मारतं का? पण हा मारायचा, आणि तिला त्या आवडायला लागल्या होत्या.

"पहिला अर्धा तास मी तिला नुसत्या शिव्या घातल्या. पुढे दोन पट्ट्या, मागे रणगाड्यासारखा पट्टा. वळवायला जावं तर ही बया सरळ! आणि वेग द्यायचा उजव्या अंगठ्याने. संध्याकाळपर्यंत अंगठा असा सुजला की ओतानीकडे भाताचा वाडगा धरवेना."

"म्हणजे आवडली नाही."

"ऐका तर. वास कसला माहितीये? लुनाचा! आमच्या अण्णांची लुना होती वेंगुर्ल्याला. चारी बाजूंनी पांढराशुभ्र मुलूख, बर्फाने वाकलेली झाडं, आणि वास वेंगुर्ल्याच्या बाजारातला. मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मग डोंगरावर इंजिन बंद केलं, आणि... काहीच नाही. एका फांदीवरून बर्फ घसरला तेवढाच. मी म्हटलं, जगात एवढी शांतता असते!" त्याने कान चोळला. "आता कळतंय, त्यातली थोडी माझ्या कानांतलीच होती."

ती हसली. इतकी हसली की पलीकडे बसलेल्या आजोबांनी पेपर खाली केला.

"एकच चूक आहे त्या गाडीत," तो जरा वेळाने म्हणाला. "पुढच्याला सगळी चैन. वाऱ्याला काच, हँडलच्या मुठी विजेवर गरम. मागच्या सीटला मात्र नुसत्या थंड दांड्या. तिथे बसणाऱ्याने हातांचं काय करायचं?"

"हातमोजे घालायचे."

"पुढच्याच्या कमरेला घातले तरी चालतात."

"हातमोजे?"

"हात," तो म्हणाला, आणि तलावाकडे बघत बसला. भाजलेल्या गालांवर लाली दिसत नाही, हे त्याचं नशीब.

घरी नीतावहिनीला सुगावा लागायला वेळ लागला नाही. "बोटीवरचा? अगं, वर्षातले नऊ महिने भिंतीशी संसार करशील. ह्यांच्या ऑफिसात, चांगी बिझनेस पार्कला, कितीतरी मुलं आहेत. संध्याकाळी सहाला घरी."

"वहिनी, मी त्याचे फक्त कान बघते."

"हो, तेही बोटॅनिक गार्डनमध्ये!"

रविवारी ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर त्याने दोघांची सायकल भाड्याने घेतली. पुढे तो, मागे ती. पाऊस नुकताच ओतून गेलेला. डांबरी वाटेवरून वाफ निघत होती, समुद्रात नांगरलेल्या जहाजांची रांग धूसर दिसत होती. पहिल्याच वळणावर तो डावीकडे झुकला, ती घाबरून उजवीकडे, आणि सायकलीने दोघांचंही न ऐकता त्यांना ओल्या गवतात नेऊन टाकलं.

"लागलं का गं?" पहिल्यांदाच तो अहो-जाहो विसरला. तिने ते दुरुस्त केलं नाही.

"तू झुकलास कशाला?"

"वळणावर आत झुकावंच लागतं! स्नोमोबाइलवरही तेच. मागे बसणाऱ्याने बाकी काही करायचं नसतं. पुढचा झुकेल तिकडे झुकायचं, बस. उलटं झुकलं की गाडी वाट सोडते."

"आणि पुढचाच चुकत असेल तर?"

"तर दोघांनी मिळून पडायचं." तिच्या केसांतलं गवताचं पातं त्याने काढलं, आणि ते टाकून न देता बोटाभोवती गुंडाळत राहिला. "ओतानी म्हणतो, बोट सोड. गाड्या वाढतायत, भागीत दुकान टाकू, मेकॅनिक लागेलच. या खेपेनंतर जावं म्हणतोय... पण तिथला हिवाळा लांब असतो गं. एकट्याला खायला उठतो. दुसरं कोणी असेल तर..."

वाक्य तिथेच राहिलं. त्याने तिच्याकडे बघितलं. त्या 'तर'च्या पुढे एक अख्खं आयुष्य लोंबकळत होतं, आणि ते धरायला तिने नुसता हात पुढे करायचा होता.

मैत्रेयीला एकदम सगळं दिसलं. दादाचा चेहरा, पुण्यातली आई, अनोळखी भाषा, छातीएवढा बर्फ. आणि अशा वेळी शहाणी माणसं जे करतात तेच तिने केलं. विनोद केला.

"मला बाई लगेच सर्दी होते."

तोही हसला. जरा उशिराने. "मग प्रश्नच मिटला," म्हणाला, आणि सायकल उचलायला गेला.

तपासणीच्या दिवशी तो आला तेव्हा चेहऱ्याची कातडी निघून डोळ्यांभोवतीची वर्तुळं पुसट झाली होती. जहाज येऊन बंदराबाहेर नांगरलं होतं. पास झाला तर संध्याकाळी लाँचने जायचं. तो काचेआड बसला. मैत्रेयीने पहिला आवाज सोडला, आणि तिच्या ध्यानात आलं की आपण मनातल्या मनात म्हणतोय, नको लागूस.

दिवा लागला.

तिने आवाज बारीक केला. लागला. आणखी बारीक, आणखी हळू... मुंगीने पाय आपटावा इतका हळू. लागला. कान स्वच्छ भरून आले होते. तिनेच तर जपले होते.

आता हेडफोन काढा म्हणायचं, एवढंच उरलं होतं. त्यासाठी तिच्या टेबलावर माईक होता. तिने माईक सुरू केला. मग दुसऱ्या हाताने आवाजाचं चाक उलटं फिरवलं, पार तळापर्यंत, जिथे जगातल्या कुठल्याच कानाला काही पोचत नाही.

"मला सर्दी नाही होत, धनेश," ती म्हणाली. "मी येते. एकदा विचार ना नीट... मी बसते मागे."

तो काचेतून तिच्याकडे बघत होता. अंगठा बटणावर.

दिवा लागला नाही. लागणारच नव्हता, बाई आपल्या कामात तरबेज होती. जे आपल्या तोंडाने बोलायचं, ते तिने त्याच्या कानांवर सोपवलं, आणि वर त्यांना ऐकूही येणार नाही अशी व्यवस्था केली.

तिने चाक पुन्हा वर आणलं. "झालं. या बाहेर."

दाराशी तो रेंगाळला. जाड जाकीट हातावर. "आणखी काही तपासायचं राहिलंय?"

"नाही. फिट आहात."

"आहात?" तो म्हणाला. मग मान हलवली. "बरं. आहात तर आहात."

पुढच्याच्या पुढच्या हिवाळ्यात क्लिनिकमध्ये तिच्यासाठी फोन आला.

"सामंत बोलतोय. ओरडत नाहीये ना मी?"

तिने खुर्ची ओढून घेतली. "नाही. नीट येतंय ऐकू."

दुकान सुरू झालं होतं. गाड्या चार झाल्या होत्या. अंगठा आता सुजत नाही म्हणाला. आणि लग्न झालं, गेल्याच महिन्यात, ओतानीच्या बहिणीशी.

"अरे वा!" मैत्रेयी म्हणाली. आवाज अगदी छान निघाला. "मग आता मागे बसायला माणूस आहे. गरम मूठ बसवून घ्या."

त्याच्या मागे कुठेतरी इंजिन सुरू झालं, बंद झालं.

"बसवलेली आहे. ती गेल्या हिवाळ्यातच बसवली होती मी. आलो तेव्हा लगेच. उगाच आपली." मग म्हणाला, "हिला लागत नाही. इथलीच आहे, हिला थंडी वाजत नाही."

मैत्रेयीने फोनची गुंडाळलेली वायर बोटाभोवती घट्ट केली.

"एक विचारू?" तो म्हणाला. "त्या दिवशी शेवटी काचेआड तुमचे ओठ हलले होते. मला ऐकू काही आलं नाही. जहाजावर अख्खी खेप मी ते जुळवत बसलो होतो. बटण दाबायचं होतं का मी?"

समोर काचेची खोली रिकामी होती. हेडफोन खुंटीला टांगलेला. आता फिरवायला चाक नव्हतं. जे म्हणेल ते पोचणार होतं.

"आकडे बोलत होते मी," ती म्हणाली. "आमचे असतात काहीतरी."

"अच्छा. आकडे."

"हो."

त्या संध्याकाळी ती आणि नीतावहिनी बाजार करून बसने परतत होत्या. दोघींच्या हातांत पिशव्या, बस खच्चून भरलेली, म्हणून उभ्याच. वळणावर बस जोरात डावीकडे वळली आणि सगळे प्रवासी ओळीने उजवीकडे कलंडले. फक्त मैत्रेयी डावीकडे, आत झुकली.

"अगं, पडशील!" वहिनीने तिचा दंड धरला. "जग इकडे जातंय, तू तिकडे काय? बघतेय मी, बऱ्याच दिवसांपासून तुझं हे चाललंय."

"वळणावर आत झुकायचं असतं, वहिनी. म्हणजे गाडी वाट सोडत नाही."

"कुठल्या गाडीवर बसून शिकलीस हे?"

बस सरळ झाली. मैत्रेयीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही ना बसले," ती म्हणाली.