पांढऱ्या ठिपक्याची गोचीड

गोचीड तिळाएवढी होती. रंग तांबूस, पाठीवर मधोमध एक पांढरा ठिपका. वासंतीने ती शालूच्या बापाच्या, राघोच्या मानेवरून चिमट्याने काढली आणि पाण्याच्या वाटीत टाकली. राघो तापाने कण्हत होता. कळव्याच्या मिठागरावर १८८८ सालच्या त्या मे महिन्यात एकेक गडी असाच निजत होता.

"ह्यो कुत्राच गोचिड्या आणतो!" शालूचा आजा काळुराम कडाडला. "उद्या भरतीला खाडीपार सोडतो त्याला!"

शालूने मोत्याला मिठीच मारली.

वासंती आणि तिचा धाकटा भाऊ मधु सुट्टीत ठाण्याहून वडिलांकडे, मीठचौकीवर आले होते. तिघांनी मोत्याला विंचरून काढलं. गोचिड्या निघाल्या, पण साऱ्या करड्या, ठिपका एकीवरही नाही!

"मग ही ठिपकेवाली राहते कुठे?" मधु म्हणाला.

"शालू, आजारी पडलेले गडी आधी दुपारी कुठे निजायचे गं?" वासंतीने विचारलं.

"खोपीत. राशी शाकारायचं गवत हाय ना, त्याच्यावर. मऊ लागतं!"

मिठाच्या राशी पावसाआधी गवताने शाकारायच्या असतात. पण आणखी थोडं मीठ पिकेल, म्हणून काळुराम ते काम रोज पुढे ढकलत होता. गवत खोपीतच पडून होतं. आणि आत काहीतरी खसखसत होतं!

संध्याकाळी तिथे पिंजरे लावले. सकाळी एकात चिचुंद्री, दुसऱ्यात घूस!

"शी, काय वास! चोर ही चिचुंद्रीच!" मधुने नाक धरलं.

"वासावरून चोर ठरवायचा, तर आधी तुला कोंडावं लागेल!" वासंती म्हणाली.

तिने दोन्ही पिंजरे पाण्याच्या परातींवर टांगले. "पोट भरलं की गोचीड आपोआप गळते. थांबायचं."

"पानी चढतंय गं!" शालू रडवेली झाली. काळुराम मोत्याला दोरीने ओढत होडीकडे निघाला होता.

टप्!

चिचुंद्रीखालचं पाणी स्वच्छ होतं. घुशीखाली मात्र फुगलेल्या गोचिड्या तरंगत होत्या. पाठीवर तोच पांढरा ठिपका!

"आजा, थांब!" शालू ओरडली. वासंतीने कालची वाटी पुढे केली.

काळुरामने वाटीत पाहिलं, मग परातीत.

"ताप हिच्यामुळेच येतो का, ते मला ठाऊक नाही, आजोबा," वासंती म्हणाली. "पण राघोकाकांना चावलेली गोचीड मोत्याची नव्हे. गवतातल्या घुशीची आहे."

काळुराम उघड्या राशींकडे बघत राहिला. हातातली दोरी सैल झाली.

"डोकं हाय रं पोरांना!" तो पुटपुटला. मग गड्यांकडे वळून मोठ्याने म्हणाला, "मीठ पुरे झालं! खोपी रिकामी करा, गवत उन्हात टाका. राशी आजच शाकारायच्या!"