पाचवा नियम

किल्ली हातात आली त्या दुपारी दारच उघडेना. ती चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढायची. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर, आणि तेही असं की बघून आईनं कपाळाला हात लावला होता. किल्ली फिरत होती, पण ओलीनं फुगलेलं लाकूड हटून बसलं होतं.

शेजारच्या जागेची मोजणी करणारा एक उंच माणूस टेप गुंडाळत हे बघत होता.

"धक्का देऊ?"

"दाराला द्या... मला नको."

त्यानं हसत खांदा लावला आणि दोघंही धडपडत आत गेले. भिंतींचे पोपडे सुटलेले, छत ठिबकणारं. "छान आहे," तो गंभीरपणे म्हणाला. तिला तो तिथंच आवडला. हे कबूल करायला मात्र तिनं दीड वर्ष लावलं.

एकटीला घर झेपेना, म्हणून तिनं खोल्या मित्रमंडळींना भाड्यानं दिल्या. खालची खोली नर्स मैत्रिणीला. माळ्यावरची त्या मोजणीवाल्यानं मागून घेतली. एव्हाना सगळे त्याला 'टेप' म्हणू लागले होते. ती आधी भाड्यानं राहायची त्या जागेत सोबतच्या दोघांचं प्रेम जमलं, मोडलं, आणि चौघांचं बिऱ्हाड उठलं होतं. दुधानं तोंड पोळलेलं, आता ताकही फुंकून प्यायचं. तिनं पाच नियम लिहून फ्रिजवर लावले. पाचवा असा: घरातल्यांनी एकमेकांच्या प्रेमात पडू नये, मालकीणबाईंनीसुद्धा.

"आणि कोणी पडलंच तर?" सही करता करता टेपनं विचारलं.

"तर महिन्याची नोटीस द्यायची आणि खोली सोडायची."

त्यानं रंधा मारून दार सरळ केलं, छत दुरुस्त केलं. संध्याकाळी दोघं ओट्यापाशी चहा प्यायचे.

"आपल्या कपांमधलं अंतर वीस सेंटीमीटर," तो एकदा म्हणाला. "मागच्या महिन्यात चाळीस होतं."

"टेप आत ठेव. मालकीण बघतेय."

"बघते कुठं..."

आणि एका सकाळी त्यानं तिच्यापुढे नोटीस ठेवली. कारण लिहिलेलं नव्हतं. तो तिच्याकडे बघत उभा राहिला. थांब, असं ती म्हणणार होती. पण अभिमान आडवा आला. "बरं," म्हणत तिनं सही ठोकली. आठव्या दिवशी दुकानातल्या मैत्रिणीला पुढच्या महिन्यापासून ती खोली देऊनही टाकली.

"एवढ्यात?" त्यानं विचारलं.

"रिकामी कशाला ठेवायची?"

"त्याला कारण तरी विचारलंस का गं?" नर्स म्हणाली.

"जाणाऱ्याला काय विचारायचं?"

महिना भरला. बॅग खांद्याला लावून त्यानं किल्ली तिच्या तळहातावर ठेवली, पण हात मागे घेतला नाही.

"आता मी इथला भाडेकरू नाही, म्हणून विचारतो. नोटीस कशासाठी दिली, तुला खरंच कळलं नाही? नियम तर तुझाच होता."

तिनं फ्रिजकडे बघितलं. जगाचे नंबर काढणारी ती, आणि दिव्याखाली असा अंधार.

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की, लेखी. तू सही केलीस, आठव्या दिवशी खोली दिलीस. मला वाटलं, हेच उत्तर. नवव्या दिवशी मी धरणाच्या मोजणीचं काम घेतलं. दोन वर्षांचं... लांब."

"आता थांब म्हटलं तर?"

"शब्द दिलाय गं. माणसं खोळंबलीत. तेव्हा म्हणाली असतीस, तर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नसतं."

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. "हे दार उघडलं त्या दिवसापासून."

त्यानं तिच्या गालावरची बट हळूच मागे सारली. कोपऱ्यावर जीपचा हॉर्न वाजला.

त्यानं बाहेरून दार ओढलं. त्यानंच दुरुस्त केलेलं ते दार अलगद बंद झालं. आज तरी ते अडकायला हवं होतं, असं तिला फार वाटलं.