गालावरचा वाण

बालनाट्य स्पर्धेच्या दिवशी सांगलीतल्या नाट्यगृहाच्या रंगपटात पाय ठेवायला जागा नव्हती. एका आरशासमोर तीन वाघ बसले होते, दुसऱ्यासमोर शेपूट हरवलेलं माकड रडत होतं, आणि या सगळ्यांच्या मधोमध पदर कमरेला खोचून शरयू आवटी एका राजाला मिशी चिकटवत होती.

तिन्ही वाघांच्या नाकांवर पारदर्शक पट्ट्या होत्या. औषधाच्या दुकानात गोळ्या-चॉकलेटांच्या बरणीशेजारी हल्ली या वाचनपट्ट्या टांगलेल्या असत. पट्टी नाकावर चिकटवायची, थोडा वेळ थांबायचं, की तिच्यावर रंगीत रेघा उमटत. कातडीच्या बारीक छिद्रांत, म्हणजे रंध्रांत, कोणकोणत्या घराण्यांचे जिवाणू वस्तीला आहेत ते त्या रेघांवरून कळे. मोठी माणसं त्या रेघा डॉक्टरांना दाखवत. मुलं एकमेकांना चिडवायला वापरत.

"तुझ्या दोन लाल आल्यात! तुला पिंपल येणार!"

"तुला येतील! तुझ्या बापाला येतील!"

"पट्ट्या काढा आधी," शरयू म्हणाली. "वाघाला नाक लागतं. लाल रेघ तर मलाही आहे, मेले का मी?"

दारातून केतकी हे बघत होती. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत ती त्वचेवरच्या जिवाणूंचा अभ्यास करायची, आणि आज आईकडे कामासाठी आली होती.

"आई, गाल पुढे कर. तुझी पट्टी हवी आहे."

"माझी कशाला? मला काय आता पिंपल येणार आहेत?"

"आयुष्यात एकही आला नाही, म्हणूनच. बाकीचे चेहरे कशाशी ताडून बघायचे? तुझ्याशी."

"म्हणजे मी तुमच्या तराजूतलं वजन," शरयू म्हणाली आणि पट्टी लावून घेतली. पट्टी गालावर असतानाच तिने राजासाठी गुलाबी रंग घोटला, बोटाने स्वतःच्या दुसऱ्या गालावर ओढून पाहिला आणि तेच बोट राजाच्या गालावर फिरवलं.

"आई! किती वेळा सांगितलं, निदान बोट पूस."

"रंग आधी माझ्या गालाला विचारते. मला चरचरलं तर लेकराला लावायचा नाही. आणि बोट पुसलं की छटा बदलते, ते तुझ्या सूक्ष्मदर्शकात दिसायचं नाही."

केतकीने हात टेकले. पट्टी डबीत ठेवून ती निघाली तेव्हा मागून आवाज आला, "येताना कोथिंबीर आण गं."

तिने ती आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाची पिशवी कापता कापता शरयूचं हृदय थांबलं. कोथिंबिरीची जुडी ओट्यावर तशीच होती.

नातेवाइकांना फोन मामांनी केले. प्रयोगशाळेत तबस्सुम मुजावरने सगळ्यांना सांगितलं. ती केतकीची सहकारी आणि कॉलेजपासूनची मैत्रीण. केतकी कामावर परतली आणि लोक भेटायला आले, तेव्हा ती नुसती मान हलवी आणि चहाचं विचारी. दूधवाल्याने "काकू दिसत नाहीत," म्हटल्यावर ती म्हणाली, "उद्यापासून अर्धाच लिटर द्या."

मग एका दुपारी तबस्सुम हातात कागद नाचवत धावत आली. तिची ओढणी दाराच्या कडीला अडकली, तरी ती थांबली नाही.

"केतके, ही जांभळी रेघ बघ! शेकडो पट्ट्या वाचल्या, ही एकीवरच आहे."

केतकीने बघितलं. कागदावर चिकटवलेल्या पट्टीच्या कोपऱ्यावर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'आई'.

तारुण्यपीटिकांचं मूळ दोघींना पाठ होतं. वयात येताना कातडीखालच्या ग्रंथी जास्त तेल सोडतात. तेल आणि मेलेल्या पेशी मिळून रंध्राचं तोंड बुजतं. आत, हवा नसलेल्या जागी, तिथले नेहमीचेच जिवाणू वाढतात. त्यातले काही वाण दंगेखोर असतात. त्यांना पाहून शरीराचे पहारेकरी धावून येतात, आणि त्या धुमश्चक्रीत गाल लाल होतो, सुजतो, पुढे खड्डाही पडतो. औषधं होती, बरीचशी चांगलीही होती. पण जिवाणू मारणारी औषधं दंगेखोरांबरोबर सज्जनांनाही मारत, आणि दंगेखोर हळूहळू त्यांना दाद देईनासे होत.

"आणि हा वाण," तबस्सुम म्हणाली, "दंगा करतच नाही. वर असं एक द्रव्य सोडतो की पहारेकऱ्यांना वाटतं, सगळं ठीक आहे, घरी जा. रंध्र बुजलं तरी आग पेटत नाही. जनुकांवरून यंत्राने ते द्रव्य बनवलंसुद्धा. पेशींवर घातलं आणि सूज उतरली, माझ्या डोळ्यांसमोर!"

"मग अडलं कुठे?"

"द्रव्य टिकत नाही. बघता बघता विरतं. ते रंध्रातच रोज ताजं बनायला हवं. जिवंत जिवाणू हवा, केतकी." तबस्सुमचा आवाज खाली आला. "आणि पट्टी वाचताना त्यातलं सगळं मरतं."

पाककृती कागदावर उतरवता येते, पण विरजण कागदावर उतरत नाही. त्या वाणाचं ज्ञात असलेलं एकमेव घर कृष्णेच्या घाटावर अग्नीला दिलं होतं.

केतकीने पहिल्यांदा स्वतःच्या गालाला पट्टी लावली. जांभळी रेघ आली नाही. येणारही नव्हती. तिचं बारावं-तेरावं वर्ष मावशीकडे बेळगावला गेलं होतं, आणि नंतर आलेल्या पुटकुळ्यांवर तिने प्रतिजैविकांचे कोर्स घेतले होते. त्या काळाचे दोन बारीक खड्डे उजव्या गालावर अजून होते. पट्टी काढताना तिचं बोट त्यांच्यावर थांबलं, आणि तिला आठवला एक गुलाबी गाल. राजाचा.

"तबस्सुम!" ती इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्या खोलीतून कुणीतरी काय पडलं म्हणून विचारलं. "मोठ्या माणसाच्या चेहऱ्यावर नवा वाण रुजत नाही, बरोबर? जागा आधीच भरलेल्या असतात."

"हं."

"पण वयात येणाऱ्या मुलांची रंध्रं नुकती तेलाने भरायला लागलेली असतात. नवी पेठ, सगळे गाळे रिकामे. तेव्हा जो आधी येईल तो बसेल. आणि आई रंग आधी स्वतःच्या गालाला लावायची!"

तबस्सुमने कपाळावर हात मारला. "आणि आपण तिला स्वच्छतेवर भाषणं देत होतो!"

"ती भाषणं बरोबरच होती. दुसरं काहीही पसरलं असतं त्या बोटातून. पण आता मला ते बोट कुणाकुणाला लागलं ते हवंय."

एखाद्या दिवशी लागून भागणार नव्हतं. वाण रुजायला ते पुन्हा पुन्हा लागायला हवं. असं एकच नाटक होतं: 'ढगाचा दवाखाना'. काही वर्षांपूर्वी शरयू त्याच्याबरोबर अख्खी उन्हाळ्याची सुटी गावोगाव हिंडली होती. आजारी ढगाच्या त्या गोष्टीत तीनच मुलं होती: ढग, बेडूक आणि डॉक्टर खेकडा.

ढग आता पुण्यात इंजिनिअरिंगला होता. त्याच्या आईला फोन लावला, तर ती हरखूनच गेली.

"अगोबाई, शरयूताईंची मुलगी! ताई काय म्हणतात? अजून तशाच बडबडतात का?"

"काकू, त्याला पट्टी लावून फोटो पाठवायला सांगाल का? आजच?" केतकी म्हणाली. समोर बसलेल्या तबस्सुमने तिच्याकडे पाहिलं.

फोटो आला. रेघ नव्हती. ढगाला मध्यंतरी फार पुटकुळ्या आल्या होत्या आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याने तेलग्रंथी आकसवणाऱ्या गोळ्या घेतल्या होत्या. चेहरा छान झाला होता, पण तेलावर जगणारी वस्ती उठून गेली होती.

बेडूक जयसिंगपुरात भेटला. आता त्याला कोवळी दाढी होती. त्याने स्वतःच पट्टी लावली आणि श्वास रोखून बसला. पहिली रेघ निळी आली, दुसरी लाल. तिसरी उमटू लागली तेव्हा तबस्सुमने केतकीचा दंड असा धरला की वळ उठला. रेघ हिरवी निघाली.

"सॉरी हां," बेडूक ओशाळून म्हणाला. "शरयूमावशींना सांगा, मी अजून डराव करू शकतो."

"सांगते," केतकी म्हणाली.

खेकडा तासगावचा होता. फोन करून त्याच दुपारी दोघी तबस्सुमच्या स्कूटरवरून निघाल्या. केतकीच्या मांडीवर कोमट पाण्याच्या पिशवीत गुंडाळलेली एक कुपी होती. तिच्यात हवा काढून घेतलेलं खळीसारखं खाद्य होतं, जिवंत जिवाणू त्यात घरी आल्यासारखा राहिला असता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बेदाण्याच्या शेडमधून जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती आणि वाऱ्याला गोडूस वास होता. आईच्या त्या अचानक मरणानंतर पहिल्यांदाच केतकीला भूक लागल्याची जाणीव झाली.

तेव्हाचा खेकडा, समृद्धी कोळेकर, शेडच्या पडवीत बेदाणे निवडत होती. चौदा-पंधरा वर्षांची, केसांची झुलपं कपाळावर ओढलेली. झुलपांखाली पुटकुळ्या होत्या. दोन नखाने फोडलेल्या. गाल मात्र स्वच्छ.

"बसा की," तिची आई वैशाली म्हणाली. "खाऊन बघा, ह्या वर्षीचा माल लई गोड हाय. अन् तुम्ही आलासा ते बरं झालं. हिला सांगा जरा, तोंड धुवत न्हाई म्हणून हे आलंय."

"आई, मी दिवसातनं धा वेळा धुते!"

"धुतेस? मग तेल थापल्यागत का दिसतंय? म्हणून मी हे आणलंय." वैशालीने कोनाड्यातून एक ट्यूब काढली. "मेडिकलवाल्यानं दिलं. एका आठवड्यात गोरी अन् गुळगुळीत म्हणाला. आज रात्रीपासनं लावायचं."

केतकीने ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली. स्टेरॉइड आणि प्रतिजैविक, दोन्ही एकत्र. हे आठवडाभर आधी लागलं असतं तर कुपी मिरजेला रिकामीच गेली असती. पण तेवढ्यासाठी ती बोलत नव्हती. रेघ असो वा नसो, या पोरीचा चेहरा तिने या ट्यूबच्या हवाली केला नसता.

"वहिनी, हे लावू नका. सुरुवातीला चेहरा चकचकीत होतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, आणि बंद केलं की दुपटीने उठतं. हे मळाने आलेलं नाही. या वयात येतंच. दिवसातून दोनदा साध्या साबणाने धुवायचं, घासायचं नाही, फोडायचं नाही. केसांचं तेल कपाळावर उतरतं, म्हणून झुलपं वर. आणि कातडीच्या डॉक्टरला दाखवा. औषध आहे, पण दोन-तीन महिने धीर धरावा लागतो."

"दोन-तीन महिने?" समृद्धी कळवळली. "पुढल्या आठवड्यात गॅदरिंग हाय!"

"गॅदरिंगला रंग लावतात की तोंडाला," तबस्सुम म्हणाली. "खेकड्याला कुणी पिंपल बघून ओळखलं होतं?"

समृद्धी हसली आणि तिने गाल पुढे केला.

"अन् तुम्ही नेणार काय हिच्या तोंडावरनं?" वैशालीने विचारलं.

"थोडं तेल आणि त्यातले जिवाणू. तुमची हरकत नसेल तरच."

"न्या की बादलीभर. लई येतंय."

पट्टी लागली. निळी रेघ आली. लाल आली, फिकट. मग हिरवी. केतकीला स्वतःचा श्वास ऐकू येत होता. आणि कडेला, जिथे काहीच नव्हतं तिथे, आधी धूसर डाग दिसला, मग तो लांबत गेला, आणि पिकल्या जांभळासारखी गडद रेघ उमटली.

"आहे!" तबस्सुम किंचाळली. बेदाण्याचं सूप उलटलं. "केतके, आहे! जिवंत आहे!"

"काय झालं? वाईट हाय काय?" वैशाली घाबरली.

"सोनं आहे, वहिनी, सोनं!"

दुसरी, साधी, न वाचणारी पट्टी केतकीने नीट लावली, उचलली आणि कुपीत सोडली. झाकण घट्ट केलं. आता हा वाण वाढवायचा, तपासायचा, तो कुणाला अपाय करत नाही याची खात्री करायची. मग परवानग्या, मग कुठे पहिला गाल. पण तो होता. उन्हात धरलेल्या कुपीत काहीच दिसत नव्हतं, आणि तो होता.

"पण ही रेघ कुणाची?" समृद्धीने विचारलं. केतकीने तिला रंगाची, बोटाची, त्या उन्हाळ्याची गोष्ट सांगितली.

"शरयूमावशीची?" समृद्धीचे डोळे मोठे झाले. "मला लाल रंग लावताना म्हणायच्या, हलू नकोस, हललीस तर खेकड्याची कोळंबी होईल!" ती गालावरून हळूच बोट फिरवत राहिली. "म्हणजे मावशी थोड्या थोड्या हितं हायत, असंच की न्हाई? अन् तुम्ही ह्या वाढवल्यासा की सगळ्या पोरींच्या गालावर जाणार? ताई, फोन लावा की त्यांना! मी सांगते, मी!"

तबस्सुमने नेहमीसारखं केतकीच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. केतकीने तिच्या हातावर हात ठेवला.

हेच तर ऐकायला ती गावोगाव फिरली होती, की आई कुठेतरी थोडी थोडी आहे. कुपी तिच्या तळहाताइतकीच कोमट होती.

"नाही गं," ती म्हणाली. "हे जिवाणू आहेत. तिच्या गालावर राहत होते, आता तुझ्या गालावर राहतात. ते जगले." तिने कुपी पिशवीत ठेवली. "आई गेली, समृद्धी. माझी आई गेली."