एक एसी चालू राहावा म्हणून

वरच्या एसीचं पाणी माझ्या जास्वंदीच्या कुंडीत टपकत होतं, म्हणून मी तणतणत जिना चढले... आमची पहिली भेट ही अशी.

त्या उन्हाळ्यात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर सारखा उडायचा. लोकांनी एसी कमी वापरावा म्हणून दारोदार सांगत फिरायचं काम मी हौसेनं अंगावर घेतलं होतं.

दार त्यानं उघडलं. कपाळावर घाम, हातात पुठ्ठ्याचा तुकडा – वारा घ्यायला.

"एसी बंद ठेवा, हे सांगायला आलेय."

"माझ्याकडे बघून वाटतं, मी एसीत बसतो?"

"मग माझ्या कुंडीत पाणी कुठून येतं?"

"तक्रार तुमची आहे की झाडाची?"

असा राग आला! आणि हसूही. मग त्यानं आतल्या खोलीचं दार हलकेच उघडलं. पलंगावर त्याचे वडील होते, अगदी चिपाड झालेले.

"बाबांना घामच येत नाही, आजारच तसा आहे. वीज गेली की ताप चढतो," तो म्हणाला. "बाकी घरात पंखाच असतो."

मी ओशाळले. दुसऱ्या दिवसापासून अख्खी इमारत पिंजून काढली. दुपारी सगळे एकाच खोलीत बसा, पडदे ओढा, सव्वीसच्या खाली जाऊ नका... तो एकच एसी चालू राहावा म्हणून बाकीच्यांच्या विनवण्या. बाबांना कामवाल्या मावशींजवळ बसवून तोही यायला लागला.

"माझ्या एसीनं तुझं काय घोडं मारलंय गं?" तळमजल्यावरचे काका खेकसले.

"माझं नाही काका. वरती एक माणूस तापानं फणफणतोय."

काकांनी रिमोट उचलून एसी बंद केला.

"तू सांगितलंस की लोक ऐकतात," जिन्यात तो म्हणाला.

"तू ऐकतोस?"

"मी तर... कधीचा ऐकतोय."

मग वीज जायची थांबली. बाल्कनीत टप... टप... ऐकू आलं की मला बरं वाटायचं. म्हणजे बाबा ठीक आहेत. तो वरून वाकून विचारायचा, "जास्वंद काय म्हणते?"

"तहान भागली म्हणते."

"आणि तिची मालकीण?"

मी आत पळायचे.

एका दुपारी टपटप थांबली. माझा पंखा तर फिरत होता! मी धावत वर गेले. बाबांच्या खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. तो पलंगाच्या पायथ्याशी, हातात रिमोट घेऊन बसला होता.

"बंद केला," तो म्हणाला, "आता नकोय त्यांना..." आणि ढसाढसा रडला. मी त्याचा हात धरून बसून राहिले.

थोड्या दिवसांनी त्याची ताई त्याला न्यायला आली. तिच्या शहरातली नोकरी त्यानं बाबांसाठी कितीदा नाकारली होती. जिन्यात बॅग खाली ठेवून तो थांबला.

"सगळ्या इमारतीच्या गळी उतरवलंस... मला काही सांगायचं नाही?"

थांब, एवढंच तर म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांनी तो त्या खोलीतून बाहेर पडत होता. त्याला पुन्हा अडकवायचं माझ्या जिवावर आलं.

"उन्हात फिरू नकोस," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली, बॅग उचलली.

वर आता नवे भाडेकरू आलेत. एसी दिवसभर सुरू असतो, त्याचं पाणी माझ्या कुंडीत टपकतं. वर जाऊन सांगायला हवं. माझं कामच आहे ते. पण मी बाल्कनीत खुर्ची ओढून बसते, टप... टप... ऐकत राहते, आणि म्हणते, उद्या सांगू.